दहा घरांच्या भेटी
(आकाशवाणीवरील भाषण)



एखाद्या धर्मसंस्थेनें वर्णद्वेषाशीं झगडा मांडला असें वाचलें म्हणजे ठराव, मोर्चे, तुरुंगवास असें कांहीं तरी डोळ्यांपुढें येतें. मी आज ज्या प्रसंगाविषयीं बोलणार आहें, त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. एका पाद्र्यानें आपल्या मंडळीस केलेली ती एक विनंति होती, आणि ती इतकी लहान होती कीं, तिच्यापायीं एवढा अनर्थ व्हावा याचें प्रथम नवलच वाटतें.

अमेरिकेच्या मध्यभागीं नेब्रास्का राज्यांत ओमाहा हें शहर आहे. तेथील ऑगस्टाना चर्च हें ल्यूथरपंथी गोऱ्या कुटुंबांचें होतें. मार्टिन ल्यूथरच्या पक्षाच्या लोकांनीं १५३० सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग शहरीं बादशहापुढें जें श्रद्धापत्र वाचलें, त्याच्या लॅटिन नांवावरून चर्चचें हें नांव आलेलें आहे. जर्मनी व उत्तर युरोप येथून गेलेल्या लोकांनीं हा पंथ अमेरिकेंत नेला, आणि तो बहुतांशीं त्यांच्याच वंशजांत राहिला. परंतु त्याच ओमाहा शहरांत कृष्णवर्णीय ल्यूथरपंथीयांचेंहि एक चर्च होतें. श्रद्धापत्र एक, पंथ एक; पण एकमेकांच्या घरचा उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग म्हणून नाहीं.

विल्यम यंगडाल हे ऑगस्टाना चर्चचे पाद्री. १९६५-६६ च्या सुमारास त्यांनीं मंडळीपुढें एक सूचना मांडली. आपल्यांतील दहा जोडप्यांनीं, आणि तींहि आपखुषीनें पुढें येणारीं, कृष्णवर्णीय ल्यूथरपंथी अशा दहा जोडप्यांच्या घरीं भेटीस जावें. दोन घटका बसावें, बोलावें, परत यावें. बस्स, एवढेंच. ज्यांस नको त्यांनीं जाऊं नये. कोणाच्या शेजारीं कोणी राहावयास येणार नव्हतें कीं कोणाची सोयरीक जुळवावयाची नव्हती.

यावर जी खळबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. आणि ‘पाहण्यासारखी’ हा शब्द मी अक्षरशः वापरतों आहें, कारण हा सारा प्रकार चित्रपटांत टिपला गेलेला आहे. विशेष हें कीं, तो चित्रपट ल्यूथरपंथीयांच्याच चित्रपट-संस्थेनें काढविला होता. बिल जर्सी व बार्बारा कॉनेल या दिग्दर्शकांनीं नट घेतले नाहींत, संवाद लिहून दिले नाहींत. बैठकींत माणसें जशीं बोललीं तशींच तीं पडद्यावर बोलतात.

आणि तीं काय बोलतात? तीं दुष्ट माणसें नव्हेत. कोणी शिवीगाळ करीत नाहीं. बहुतेकांचें म्हणणें असें कीं, गोष्ट चांगली आहे, पण वेळ योग्य नव्हे; अंमळ सबुरीनें घ्यावें; उगाच घाई केली तर मंडळींत फूट पडेल, कुटुंबें सोडून जातील. मला तर वाटतें, वर्णद्वेषाचें खरें बळ शिव्या देणाऱ्यांत नसतें. तें या ‘वेळ योग्य नव्हे’ म्हणणाऱ्या सज्जनांत असतें. ऐकतांना कोणास आपल्या घरच्या उंबरठ्याची आठवण झाली, तर ती मीं करून दिलेली नाहीं.

चित्रपटांत एक प्रसंग केशकर्तनालयांतील आहे. अर्नी चेंबर्स नांवाचा कृष्णवर्णीय तरुण तेथें केस कापण्याचें काम करी. यंगडाल त्याला भेटावयास जातात. तो त्यांची भीड ठेवीत नाहीं. तुम्हीं आमच्यावर लादलेल्या इतर गोष्टींप्रमाणें तुमचा ख्रिस्तहि आमच्या दृष्टीनें विटाळलेला आहे, अशा आशयाचें तो बोलतो, आणि पाद्रीमहाशय निमूटपणें ऐकून घेतात. त्यांचें ऐकून घेणें मला त्यांच्या कोणत्याहि प्रवचनापेक्षां मोलाचें वाटतें. हाच चेंबर्स १९७० सालीं नेब्रास्काच्या विधिमंडळावर निवडून गेला व मध्यें एक खंड सोडल्यास २०२१ पर्यंत तेथें होता.

मंडळीपैकीं रे क्रिस्टेन्सन या गृहस्थाची कथा मात्र निराळी. आरंभीं तेहि साशंकच होते. परंतु जसजशी चर्चा वाढली तसतसे ते स्वतःस प्रश्न विचारूं लागले, आणि अखेरीस पाद्र्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. एक मनुष्य बदलला. मंडळी बदलली नाहीं. शेवटीं यंगडाल यांना राजीनामा द्यावा लागला.

अमेरिकेंतील व्यापारी दूरचित्रवाणीसंस्थांनीं हा चित्रपट घेण्याचें नाकारलें, म्हणून तो १९६६ मध्यें सार्वजनिक वाहिनीवरून दाखविण्यांत आला. पुढें ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याची शिफारस झाली, व २००५ सालीं अमेरिकेच्या जतन करावयाच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादींत त्याचा समावेश झाला. आपली नामुष्की आपणच चव्हाट्यावर मांडण्याचें हें धैर्य फार थोड्या धर्मसंस्थांनीं दाखविलें असेल.

परंतु ओमाहाचा दोष एकट्या ओमाहाचा नव्हता. त्याच्या आधीं सव्वाशेंहून अधिक वर्षें, १८३२ सालीं, न्यूयॉर्क येथें जेहू जोन्स यांस पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकेंतील ते पहिले कृष्णवर्णीय ल्यूथरपंथी पाद्री. दक्षिणेंतील चार्ल्स्टन हें त्यांचें गांव. दीक्षा घेऊन ते घरीं परतले तों त्यांना अटक झाली. कारण राज्याबाहेर गेलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयानें परत येऊं नये असा तेथें कायदा होता. गांव सुटलें तें सुटलेंच. मग फिलाडेल्फियास जाऊन त्यांनीं आपल्या लोकांसाठीं सेंट पॉल नांवाचें चर्च बांधलें. पण इमारतीचें कर्ज फिटेना. श्रीमंत गोऱ्या चर्चांची पुरेशी मदत येईना. आणि १८३९ सालीं ती इमारत हातची गेली.

तीन ल्यूथरपंथी संस्था एकत्र होऊन १९८८ सालीं अमेरिकेंतील नवी मोठी संस्था सुरू झाली, तेव्हां तिनें दहा वर्षांत आपल्या सभासदांपैकीं दहा टक्के लोक गौरेतर अथवा इंग्रजीखेरीज अन्य मातृभाषेचे असावेत असा संकल्प सोडला. १९९३ मध्यें वंश व संस्कृति यांविषयीं एक भारदस्त निवेदनहि काढलें. आणि २०१४ च्या एका पाहणींत काय आढळलें? शंभरांतील शहाण्णव सभासद गोरेच.

पुढच्याच वर्षीं, १७ जून २०१५ रोजीं, एका गोऱ्या तरुणानें चार्ल्स्टन येथील इमॅन्युएल चर्चमध्यें बायबल वाचीत बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून ठार केलें. चार्ल्स्टन, म्हणजे जेहू जोन्सचेंच गांव. हें चर्च मेथॉडिस्ट पंथाचें. परंतु मारेकरी हा एका ल्यूथरपंथी चर्चचा सभासद निघाला, आणि मृतांपैकीं क्लेमेंटा पिंक्नी व डॅनिएल सिमन्स हे दोघे पाद्री ल्यूथरपंथीयांच्याच धर्मविद्यालयांत शिकलेले होते. मारणारा घरचा, आणि मेलेल्यांतले दोघेहि घरीं शिकलेले. आतां वेळ योग्य नव्हे असें म्हणावयास कोणासहि जागा उरली नाहीं.

२०१९ सालीं संस्थेनें आफ्रिकी वंशाच्या लोकांची जाहीर क्षमा मागितली. गुलामगिरींतील सहभाग व पुढील काळांतील मौन, दोन्हींची कबुली दिली. त्याच वर्षीं १७ जून हा त्या नऊ जणांच्या स्मरणाचा दिवस ठरविण्यांत आला. ही क्षमायाचना मला खोटी वाटत नाहीं. पण ती मोठ्या सभागृहांत झाली. यंगडाल यांनीं मागितलेलें होतें तें दिवाणखान्यांत व्हावयाचें होतें, आणि दिवाणखान्याचें दार ठरावानें उघडत नाहीं.

जेहू जोन्सनें बांधलेली ती इमारत फिलाडेल्फियाच्या क्विन्स रस्त्यावर अजून उभी आहे. मध्यंतरीं तिचा उपयोग तबेल्यासारखा होत असे. १८९३-९४ च्या सुमारास ती तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका नाट्यमंडळाकडे गेली, आणि तेव्हांपासून तेथें विनोदी संगीत प्रयोगांच्या तालमी होतात.