मेहनत करा, पण वाफसा येऊ द्या



पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की बारामतीपासून भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगरपर्यंत पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतात. संध्याकाळी त्यातलीच बरीच जिममध्ये नाहीतर तालमीत. त्यांच्याकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. सर, एक आठवडा अंग पार मोडेपर्यंत मेहनत आणि पुढचा आठवडा हलका, असं आलटून-पालटून केलं तर शरीर लवकर भरतं का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. हलके दिवस जरूर घ्या. अंग मोडून घ्यायची काही गरज नाही.

नीरा डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. उसाला पाणी दिलं की रानाला वाफसा यावा लागतो. तो यायच्या आत पुन्हा दारं धरली तर मुळ्या गुदमरतात, आणि वर्षानुवर्षं तेच चाललं तर रान चिबडतं, वर मीठ फुटतं. आपल्या पट्ट्यात अशी रानं शोधायला लांब जावं लागत नाही. स्नायूचंही तसंच. बैठका मारताना, वजन उचलताना त्याला ताण बसतो. नव्या प्रथिनांची बांधणी पुढचे २४ ते ४८ तास चालते. ती व्हायला झोप लागते, पोटात अन्न लागतं आणि थोडी उसंत लागते.

आता 'ओव्हरट्रेनिंग' हा शब्द. जिममध्ये तो फार सैल वापरतात. काल पाय मारले आणि आज जिना उतरवत नाही, हा साधा थकवा. दोन-तीन दिवसांत जातो. काही आठवडे मुद्दाम जास्त भार घेतला, ताकद थोडी उतरली आणि आठवडा-दोन आठवडे हलकं केल्यावर परत आली, तर तो ठरवून घेतलेला जादा ताण. खरं ओव्हरट्रेनिंग याच्याही पलीकडचं. त्यातून बाहेर यायला महिने लागतात. ते आलटून-पालटून करायची गोष्टच नव्हे.

ठरवून घेतलेला ताण कामाचा असतो तो स्पर्धेच्या खेळाडूला. आपले पैलवान हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पावसाळ्यात फड नसतात, तेव्हा तालमीत मेहनत वाढवायची; चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की जोर-बैठका कमी करायच्या आणि अंग कुस्तीसाठी ताजं ठेवायचं. हे चांगल्या वस्तादाला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण तिथं वस्तादाचा डोळा पोरावर असतो. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून एकट्यानं तेच करणं निराळं.

शिवाय या ताणामुळं ऐन दिवशी कामगिरी सुधारते, स्नायू जास्त वाढतात असं मात्र नाही. जपानमधला २०१३ सालचा एक छोटा अभ्यास बघा. तरुणांच्या एका गटानं २४ आठवडे सलग बेंच प्रेस केला. दुसऱ्या गटानं ६ आठवडे व्यायाम आणि ३ आठवडे पूर्ण सुट्टी असा क्रम ठेवला. शेवटी दोन्ही गटांचे छातीचे आणि दंडाचे स्नायू जवळपास सारखेच वाढले. म्हणजे सुट्टीनं नुकसान झालं नाही, आणि जादूही झाली नाही. लग्नसराईत आठ दिवस जिम चुकली म्हणून रडणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

मग करायचं काय? एका स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्या. सोमवारी पाय जड केले असतील तर गुरुवारी हलके करा, म्हणजे वजन तेच ठेवून सेट निम्मे, किंवा सेट तेवढेच ठेवून वजन कमी. चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा सगळंच निम्म्यावर आणा. भरतीवाल्यांनी पळणंही हिशेबात धरावं. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक अशी तिन्हीची तयारी करायची असते. सकाळी जोरात पळून संध्याकाळी पुन्हा पायांवर जड वजन घेतलं, तर तो हलका दिवस कसा म्हणायचा?

आणि ज्यांच्या शेताला रात्रीची लाइट असते, त्यांना माझं खास सांगणं आहे. रात्रभर दारं धरून पहाटे मैदानावर जाऊ नका. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनाही हेच. झोप झाली नसेल त्या दिवशी कार्यक्रमात काहीही लिहिलेलं असो, तो हलका दिवस. खुराकाचं थोडक्यात सांगतो: वजनाच्या दर किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. अंडी, दूध, हरभरा, मटकी यांतून ती मिळतात. महागडा डबा घेतलाच पाहिजे असं नाही.

अति होतंय हे ओळखायला यंत्र नको. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. ती रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोक्यांनी चढलेली राहते, जेवण नको होतं, झोप लागत नाही, मागच्या महिन्यात सहज उचललेलं वजन उचलत नाही. असं चार-पाच दिवस सलग दिसलं की थांबा.

शेवटी एक गोष्ट अगदी गांभीर्यानं. पैजेवर एकदम पाचशे-हजार बैठका मारल्यावर, किंवा बरेच दिवस बंद असलेला व्यायाम एकदम जोरात सुरू केल्यावर, अंग भयंकर दुखून सुजलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ती नुसती अंगदुखी नव्हे. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरलेली असतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. घरी लिंबू-पाणी पीत बसू नका, वेदनाशामक गोळीही घेऊ नका. बारामतीचं किंवा इंदापूरचं, जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल तिथं त्याच दिवशी जा आणि डॉक्टरांना किती बैठका मारल्या ते लाज न बाळगता सांगा.