फाईल उघडली, पण सगळी माणसे परत आली का?
(वर्धा येथे आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या कचेरीतला संगणक मी सांभाळतो. जिल्ह्यातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये झालेल्या सिकलसेल तपासणीच्या नोंदी आपण ॲक्सेसच्या फाईलमध्ये ठेवतो. गेल्या पावसाळ्यात नोंदी भरतानाच वीज गेली. दुसऱ्या दिवशी फाईल उघडेना.

या नोंदींत एका अक्षराला फार मोल आहे. 'एएस' म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

मी घाबरलो होतो, पण आधी एक काम केले. बिघडलेल्या फाईलची प्रत काढली आणि मूळ फाईल बाजूला ठेवली. दुरुस्ती प्रतीवरच करायची. चुकले तर पुन्हा सुरुवात करता येते. मग ॲक्सेसमधली 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही सोय चालवली. जमले नाही. तेव्हा नवी कोरी फाईल तयार केली आणि जुन्या फाईलमधले तक्ते एकेक करून तिच्यात आयात केले. गावांचा तक्ता आला, कुटुंबांचा आला. तपासणीचा तक्ता मध्येच अडला, म्हणून त्यातल्या नोंदी थोड्या थोड्या करून उचलल्या. संध्याकाळी फाईल उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण आपल्या आरोग्यसेविका ताईंनी विचारले, "भाऊ, सगळे आले का?"

ताईंनी आपली वही काढली. वस्तीवर बसून हाताने लिहिलेली. दोन दिवस त्या नाव वाचत होत्या आणि मी पडद्यावर शोधत होतो. काही नावे गळालेली निघाली. त्यांत लग्न ठरत आलेली एक मुलगी होती. ती वाहक आहे, आणि मुलाची तपासणी व्हायची होती. आम्ही फाईल उघडली एवढ्यावरच थांबलो असतो, तर त्या घरी सांगायला कोणी गेलेच नसते. ताई दुसऱ्याच दिवशी गेल्या.

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. वही फेकायची नाही. दर शनिवारी फाईलच्या दोन प्रती काढायच्या. एक कचेरीत, एक दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद, दोन्हींना पासवर्ड. महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हेही पाहायचे.

संगणकासाठी एक यूपीएस हवा आहे. वीज गेल्यावर फाईल नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुरे. आणि वहीशी नोंदी ताडून पाहायला महिन्यातून एक दुपार देणारी माणसे हवी आहेत. संगणक येत नसला तरी चालेल. नाव नीट वाचता आले म्हणजे झाले.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.