पत्त्याच्या पट्टीची आठवण

परवा वसईला आईकडे गेलो होतो. महापालिकेची घरपट्टी भरायला तिने कॉम्प्युटरवर दोनच अक्षरं टाईप केली, आणि सगळ्यात वर आली एक नकली साईट. मागे चुकून तीच उघडली होती ना!

ब्राउझरची पट्टी खरं-खोटं ओळखत नाही. कुठला पत्ता किती वेळा, किती अलीकडे उघडलात, बुकमार्क काय केलंत, हे ती बघते. जोडीला सर्च इंजिनच्या सूचना. म्हणजे आपली चूकसुद्धा ती जपून ठेवते.

उपाय सोपा आहे. विंडोजवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बाणाचं बटण दाबून त्या सूचनेवर जा, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. गेली! मग बिलावरचा पत्ता अक्षर न् अक्षर बघून टाका आणि बुकमार्क करा. आईने तेच केलं, पैसे नंतर भरले.