नकाशा ज्याचा, त्याला तो कळला पाहिजे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. घरांचे नकाशे काढणे हा माझा व्यवसाय. तेव्हा ज्या कामात माझे हात एकदा पोळले, त्याविषयीच चार शब्द सांगतो.

आज आपली पुष्कळ मुले-मुली आयटीआय व पॉलिटेक्निकमधून कॅड शिकत आहेत. संगणकावर आराखडा काढण्याची ही विद्या पोटाला भाकरी देणारी आहे. ती अवश्य शिका. परंतु काढलेली रेषा ज्याचे घर बांधावयाचे त्याला समजावी कशी, हा धडा संगणक देत नाही. तो मला एका वृद्ध बाईंनी दिला.

मी व्यवसायात नवा होतो. कोकणातल्या एका खेड्यात घर बांधावयाचे होते. घराचा कर्ता मुलगा कुवेतला नोकरीस, आई गावी. मी संगणकावर प्राथमिक आराखडा काढला आणि कॅडची फाईल तशीच त्याला ई-मेलने पाठविली. त्याच्यापाशी ते सॉफ्टवेअर नव्हते. त्याने एका मित्राच्या कचेरीत ती उघडून घेतली. काळ्या पडद्यावर रंगीत रेषा दिसल्या. त्याने मला कळविले, "ठीक आहे, करा." मी त्याला संमती समजलो. खरे म्हणजे ती संमती नव्हती, तो संकोच होता. मला समजत नाही, असे म्हणण्याची त्याला लाज वाटली. आणि समजले का, असे विचारण्याचे मला सुचले नाही.

जोते झाले, भिंती खिडकीपर्यंत आल्या, तेव्हा त्याची आई प्रथमच आत फिरली. दोन मिनिटांत तिने विचारले, "बेटा, पाहुणे बसणार तिथे, आणि संडासाचे दार त्यांच्या समोर?" मी निरुत्तर झालो. ती म्हणाली, "कागद कोणी माझ्याकडे आणलाच नाही. आणला असता तर तेव्हाच सांगितले असते."

भिंत पाडावी लागली, जोत्याखालचे पाईप उखडून पुन्हा टाकावे लागले. तोवर मुलाची सुटी संपली आणि पाऊस आला. त्या माउलीने तो पावसाळा जुन्या गळक्या घरात काढला. चूक माझी होती. कागदावर ती भिंत हलवावयास मला एक मिनिट लागले असते.

मित्रहो, पूर्वी असे होत नसे असे नाही. पण पूर्वीचा नकाशा निदान सर्वांच्या डोळ्यांपुढे येत असे. १८४२ साली जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने निळ्या छपाईची रीत शोधली. तिच्यातून ब्ल्यू प्रिंट आली, मागाहून अमोनिया प्रिंट आली. तो कागद ओट्यावर पसरला की घरातली म्हातारी माणसेही भोवती जमत. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले. काम अचूक व जलद झाले, पण नकाशा फाईलमध्ये गेला, आणि ती उघडण्याची किल्ली काढणाऱ्याच्याच हाती राहिली. १९९३ साली पीडीएफ निघाली, तेव्हा कोणत्याही संगणकावर, आणि आता मोबाईलवरही, तोच कागद तसाच दिसू लागला. ज्याच्यापाशी कॅड नाही, त्याला प्रथम पीडीएफच द्यावी. कॅडची फाईल उघडून दाखविणारे विनाशुल्क प्रोग्रामही मिळतात. पण तुमच्या सोयीसाठी घरमालकाला नवे यंत्र शिकावयास लावणे बरे नव्हे.

पीडीएफ पाठविली म्हणजे काम संपले असेही नाही. मी आता काय करतो ते सांगतो.

पानावर ठळक अक्षरांत लिहितो : "कच्चा आराखडा, बांधकामासाठी नाही." खाली तारीख आणि क्रमांक घालतो, म्हणजे जुना कागद गवंड्याच्या हाती पडून घोटाळा होत नाही. मापाची पट्टी नकाशातच काढतो. कारण छापताना पान लहानमोठे झाले तर १:१०० हे प्रमाण खोटे ठरते, पण पट्टी नकाशाबरोबरच लहानमोठी होते. खोलीत पलंग, कपाट, चूल मापाने दाखवितो. "दहा बाय बारा" म्हटल्याने बाईमाणसाला जे कळत नाही, ते पलंगाशेजारी किती जागा उरली हे पाहून तत्काळ कळते. व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो पाठवीत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवितो. फोटो दाबला जाऊन बारीक आकडे पुसट होतात.

आणखी एक गोष्ट. कच्चा विचार फार सुबक करून दाखवू नये. पक्क्या रेषा आणि मिलिमीटरपर्यंतची मापे पाहिली की माणसाला वाटते, सारे ठरलेच आहे, आता काय बोलावे! म्हणून पहिल्या भेटीत मी पेन्सिलीने काढलेली दोन-तीन रेखाटने नेतो, आणि पेन्सिल त्यांच्याच हाती देतो. शेवटी प्लॉटवर फक्कीने खऱ्या मापात खोल्या आखतो आणि घरच्या सर्वांना त्यातून चालावयास सांगतो. ह्या आखणीला कोणतेच सॉफ्टवेअर लागत नाही. ज्या दिवशी आजी म्हणते, "हे दार इकडे नको," त्या दिवशी माझे काम खरोखर सुरू होते.

पालकांनो, घराला आयुष्याची कमाई लागते. जो कागद तुम्हांला समजला नाही, त्याला होकार देऊ नका. दार कोठे उघडते, पाणी कोठून जाते, म्हातारी माणसे कोठे निजतील, हे तीन प्रश्न विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. जो घरात राहणार आहे, विशेषतः जी दिवसभर घरात वावरणार आहे, तिला नकाशापुढे बसवा.

आणि विद्यार्थ्यांनो, कॅड शिकाच. पण हाताने रेखाटावयासही शिका, आणि आपल्या आजीला एक नकाशा समजावून पाहा. तिने मान हलविली म्हणजे झाले असे मानू नका. तिने तुमची एक चूक दाखविली, की समजा तिला नकाशा कळला आणि तुम्हांला तुमचा धंदा.