ऋतूचा रंग आणि ठेवणीतले वस्त्र

वेषभूषेची अभिरुची ऋतूंबरोबर पालटत असते. हा पालट एके काळी अंगण, शेत आणि रंगाऱ्याचे घर यांतून ठरत असे. आता तो पुष्कळदा दुकानाच्या काचेतून ठरू लागला आहे. रंगांचे नमुने तयार करणारी अमेरिकेतील पॅन्टोन ही संस्था सन २००० पासून प्रत्येक वर्षाचा एक रंग जाहीर करते. पहिल्या वर्षाकरिता तिने आकाशाचा निळा निवडला होता, २०२४ करिता पीच फळाचा फिकट नारिंगी. महाराष्ट्रात नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग वृत्तपत्रांनी गेल्या काही दशकांत रुळविले, आणि ते रेल्वेच्या डब्यापासून बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचले. ह्याच सुमारास जुन्या धाटणीची ओढही वाढली आहे. आजीच्या काळचे काठ, परकर-पोलक्याच्या धर्तीची पोलकी, मळकट सोनेरी जर ह्यांना पुन्हा मागणी आली आहे. जुने आवडते हे चांगलेच. पण जुन्यातले नेमके काय घ्यावे, याचा विचार त्या आवडीबरोबर होतोच असे नाही.

हा विचार करण्यास ग्वाल्हेरचे दौलतगंज ही एक योग्य जागा आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली. त्या छावणीचे शहर झाले, तरी तिचे ‘लष्कर’ हे नाव मात्र सुटले नाही. सरदार, कारकून, भिक्षुक, शिक्षक आणि गवई अशी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. महाराज बाड्याजवळच्या दौलतगंजासारख्या वस्त्यांतून मराठी बोलली जाऊ लागली आणि दोनशे वर्षांनंतरही ती अगदीच मालवलेली नाही. ह्या घरांतील जुन्या पेट्यांत पुण्याकडून आलेली पैठणी आणि जवळच्या चंदेरीचे तलम लुगडे एकमेकांवर घडी करून ठेवलेले आढळते. दोन मुलखांच्या हवामानाची आणि दोन रीतींची भेट त्या पेटीत झालेली असते.

ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक असतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी ‘लू’ वाहते. अशा दिवसांत जरीने जड झालेले रेशीम अंगाला सोसवत नाही. म्हणून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चंदेरी नेसावी, तिचे अंग दुधी किंवा फिकट मोतिया असावे, रंग दाखवावयाचा तो काठातून, ही रीत येथे सहज पडली. सौंदर्यप्रसाधनेही त्याच ऋतूची असत. कपाळाला चंदनाची उटी, पाण्याच्या माठात वाळा, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि न्हाण्याला शिकेकाई व रिठा. ह्यांतील प्रत्येक वस्तू थंडावा देणारी अथवा घामाचा त्रास कमी करणारी आहे.

पावसाळा आला की श्रावणातला हिरवा चुडा महाराष्ट्रातून आलेला असे. पण तळहातावरची मेंदी आणि लहरियाची ओढणी ही शेजारच्या राजस्थान-बुंदेलखंडाकडून मराठी मुलींच्या अंगावर आली. शरदानंतर दिवाळीचे उटणे येई. पुढे थंडी पडू लागली म्हणजे कोरड्या पडणाऱ्या त्वचेला तेल चोळून ऊन पाणी घेणे, हा अभ्यंगस्नानाचा व्यवहारी भाग कळून येई. मकरसंक्रांतीची काळी चंद्रकळा तर ग्वाल्हेरात पुण्यापेक्षाही अधिक सार्थ वाटते. कारण येथला जानेवारी खरोखर गारठवणारा असतो आणि काळा रंग उन्हाची ऊब शोषून धरतो. सणाच्या दिवशी काळे नेसणाऱ्या मराठी स्त्रियांकडे हिंदी भाषिक शेजारणींना नवलाने पाहावे लागे. त्याची परतफेड वसंतपंचमीला होई. चंबळच्या खोऱ्यातील मोहरीची शेते फुलून पिवळी झालेली असत, आणि शेजारणींचा बसंती रंग मराठी घरांनीही आपला म्हणून घेतला.

रंग आणि ऋतू यांची ही सांगड केवळ हौसेची नव्हती. रंग वनस्पतींपासून निघत, आणि वनस्पतींना आपापले हंगाम असत. फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग होळीला मिळे. करडईच्या जातीच्या कुसुंब्याच्या फुलांपासून गुलाबी व लाल छटा निघत. त्या दिसावयास मोहक, पण धुण्यात लवकर उतरत, म्हणून वस्त्र पुन्हापुन्हा रंगवावे लागे. पारिजातकाच्या देठांचा नारिंगी रंग त्याच्या बहराच्या दिवसांतच हाती येई. बुंदेलखंडात आल नावाच्या झाडाची मुळे खणून त्यांपासून पक्का तांबडा रंग काढीत, आणि त्यावर रंगाऱ्यांची घरे चालत.

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला. पुढे आलसारख्या मुळांतून निघणाऱ्या तांबड्याचा प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेतून आला, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात उतरली. वर्षभर कोणताही रंग मिळू लागला. सामान्य स्त्रीला जे रंग दुर्मीळ होते ते स्वस्त झाले, हा त्यातील मोठा लाभ होय. मात्र रंग कोणत्या दिवसाचा, हे ज्ञान त्याबरोबर मागे पडले, आणि हंगामावर जगणाऱ्या रंगाऱ्यांची कला बव्हंशी बुडाली.

चंदेरीची कथाही अशीच फेरबदलांची आहे. ग्वाल्हेरपासून सुमारे २२० किलोमीटरांवरील हे गाव शिंदे संस्थानात होते. त्याच्या तलम सुताला मराठी सरदारांच्या पगड्यांपासून राण्यांच्या लुगड्यांपर्यंत मागणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हातकताईच्या सुताची जागा गिरणीच्या सुताने घेतली. १९१०च्या सुमारास संस्थानाने विणकरांच्या शिक्षणाची सोय केली. १९३०च्या दशकात जपानी रेशमाचा धागा आला आणि उभ्या ताण्यात सुताऐवजी रेशीम बसू लागले. ह्या रेशमावरचा नैसर्गिक डिंक पुरता काढीत नाहीत. त्यामुळे आज ओळखीची झालेली पारदर्शक चकाकी येते. ज्या वस्त्राला आज लोक ‘अस्सल जुने’ म्हणतात, त्याचे हे रूप शंभर वर्षांचेही नाही. परंपरा जिवंत राहिली ती नवा धागा स्वीकारल्यामुळे.

अभिरुचीच्या इतिहासात ग्वाल्हेरशी निगडित असे आणखी एक उदाहरण आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. १९११ मध्ये त्यांनी स्वतः तो मोडला आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी विवाह केला. फ्रान्समध्ये विणलेल्या शिफॉनच्या साड्यांना राजघराण्यांत प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९२२ मध्ये त्यांना वैधव्य आले. तरीही त्यांची वेषातील अभिरुची मावळली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण ज्या काळच्या साड्यांचे आज कौतुक होते, त्याच काळी महाराष्ट्रातील आणि मराठी वसाहतींतील कित्येक विधवांना केशवपन करून तांबडे आलवण नेसावे लागे. ऋतू कोणताही असो, त्यांचा रंग एकच. मोगरा नाही, मेंदी नाही, चुडा नाही. गतकाळाचे रंग गोळा करताना हा रंगही आठवणीत असावा. रंग निवडण्याची जी मोकळीक आजच्या मुलीला सहज मिळालेली आहे, ती पुष्कळ स्त्रियांनी सोसून मिळविलेली आहे.

आता प्रश्न उरतो तो पेटीतल्या वस्त्रांचा. आजीची साडी कापून तिचे जाकीट, कुडता किंवा झगा शिवण्याची प्रथा पडली आहे. साडी मधोमध विरली असेल, काठ-पदर मात्र धड असतील, तर त्यांना नवे जीवन देणे हे जुन्या गृहिणींच्या वळणाशी सुसंगतच आहे. त्यांनी फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, पोलकी केली, बाळंत्यापर्यंत कापड वापरले. पण धड असलेली हातमागाची साडी केवळ चार दिवसांच्या हौसेपायी कापणे म्हणजे एका विणकराचे कित्येक दिवसांचे श्रम कात्रीखाली देणे होय. अशी साडी मलमलीत गुंडाळून ठेवावी, चार-सहा महिन्यांनी तिची घडी बदलावी म्हणजे जर एका रेषेवर तुटत नाही, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. जुन्यावर प्रेम करणारे सारेजण पेटीतलेच वापरू लागले, अथवा जुन्यासारखी दिसणारी यंत्रमागाची नक्कल घेऊ लागले, तर चंदेरीच्या मागावर बसलेल्याने काय करावे? त्याचे पोट नव्या साडीवर आहे. चंदेरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तरी तिच्या नावाखाली यंत्रमागाचा माल महाराज बाड्याभोवतीच्या बाजारातच नव्हे, मुंबई-पुण्यातही विकला जातो. पारख फार अवघड नाही. साडी उलटी करून बुट्टीची मागील बाजू पाहावी. हातमागावर प्रत्येक बुट्टीचा धागा वेगळा फिरविलेला असतो आणि तो तेथल्या तेथेच संपतो. यंत्रमागावर तो एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत मोकळा ओढला जातो आणि मग कातरला जातो, त्याचे तुटके केस बोटाला लागतात. विक्रेत्याकडे मानांकनाची आणि हातमागाची खूण मागावी. किंमत अधिक पडेल, हे खरे आहे. पण तीन नकलांच्या ऐवजी एक खरी साडी घेणे बहुतेक मध्यमवर्गीय घरांना अशक्य नाही, आणि अशी साडी मुलीच्याच नव्हे, नातीच्याही अंगावर शोभते.

ह्या वर्षी कोणता रंग प्रचारात आहे, हा प्रश्न विचारण्यात दोष नाही. त्याच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले म्हणजे पुरे: हा रंग आपल्या गावच्या ह्या महिन्यातल्या उन्हाला मानवतो काय, आणि हे कापड कोणाच्या हातून आले? वैशाखातल्या लग्नाला दौलतगंजातील एखादी सून फिकट मोतिया चंदेरी निवडते आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा काढते, तेव्हा ती हवामानाचे भान राखते, सासूच्या सासूची समज वापरते, आणि साडी नवी घेतलेली असेल तर एका मागाला कामही देते. पेटी उघडावी ती एवढ्याचसाठी. तिच्यातला नमुना चंदेरीच्या विणकराला दाखवून तसाच काठ नव्याने विणून घेता येतो. मग जुनी साडीही वाचते आणि मागही चालू राहतो.