अर्धशिशी आणि जेवणाची वेळ

अर्धशिशी म्हणजे बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणकणारी, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारी आणि मळमळ व उजेड-आवाजाचा त्रास सोबत आणणारी डोकेदुखी. आयुर्वेदात तिला अर्धावभेदक म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती सुमारे तिप्पट आढळते आणि पुष्कळदा घराण्यातून उतरते. ही प्रवृत्ती आहाराने जात नाही. आहाराने कमी होतात त्या तिच्या फेऱ्या, आणि त्यासाठी काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले हे आधी पाहावे लागते. दहीभात, टोमॅटो, लोणचे यांच्यावर वर्षानुवर्षे संशय घेणाऱ्या घरात घड्याळाकडे मात्र कोणी बघत नाही.

अर्धशिशीवाल्याचा मेंदू घरातल्या तान्ह्या मुलासारखा असतो. त्याला दूध वेळेवर लागते, झोप वेळेवर लागते. दुधाला अर्धा तास उशीर झाला की ते आधी कुरकुरते, मग रडते आणि एकदा टाहो फोडला की तोंडाशी आणलेले दूधही घेत नाही. डोक्याचेही तसेच आहे. दुखणे भरात आले की जठराची हालचाल मंदावते, खाल्लेले पुढे सरकत नाही, गोळीही पोटात नुसती पडून राहते. म्हणून जे करायचे ते रडे सुरू होण्याआधी. तान्ह्याला रविवारची सुटीही नसते. सुटीच्या दिवशी दहापर्यंत लोळून उशिरा चहा घेणाऱ्यांचे डोके नेमके त्याच दिवशी का उठते, ते यावरून कळावे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यातला पाचवा हिस्सा त्याला लागतो. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपाशीपोटीची डोकेदुखी असा वेगळा प्रकारच नोंदलेला आहे. आठ तास किंवा अधिक पोटात काही गेले नाही की ती संभवते. अर्धशिशी असणाऱ्यांत तिची शक्यता अधिक.

आता कल्याणच्या फलाटावर सकाळी साडेसातला उभ्या असलेल्या बाईचा हिशेब करून पाहावा. आदल्या रात्रीचे जेवण साडेनऊला. पहाटे पाचला उठून तिने पोळ्या लाटल्या, भाजी केली, घरातल्या सगळ्यांचे डबे भरले आणि स्वतः अर्धा कप चहा उभ्यानेच घेतला. जलद गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो, तोही गर्दीत, घामात, शेजारणीच्या गजऱ्याच्या आणि अत्तराच्या वासात. कार्यालयात पुन्हा चहा. डबा उघडतो एक वाजता. मध्ये साडेपंधरा तास गेले. चार वाजता डोके धरून ती म्हणते, आज पित्त झाले.

पित्ताचा हा समज मोडणे कठीण आहे. उलटी झाली की पुष्कळदा डोके उतरते, म्हणून पित्तानेच डोके चढले असे ठरते आणि घशात बोटे घालण्याची सवय लागते. अर्धशिशीत मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो. चॉकलेट आणि गोडाचेही असेच. झटका येण्याच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधी जांभया येतात, मान अवघडते, गोड खावेसे वाटते. त्या ओढीने पेढा खाल्ला जातो, मग डोके दुखते आणि आळ पेढ्यावर येतो.

चहाचे प्रकरण सोपे नाही. त्यातले कॅफीन थोड्या प्रमाणात दुखणे हलके करते, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते. पण रोज पाच-सहा कप घेणाऱ्याने एकदम सोडला तर दिवसभरात डोके उठते. तेव्हा कप दोन, वेळा ठरलेल्या, रिकाम्या पोटी नाही. आणि कमी करायचा तर आठवड्याला एक कप या हिशेबाने.

उपवासाच्या दिवशी हे सगळे एकत्र येते. संकष्टीला कल्याणजवळच्या टिटवाळ्याला जाऊन गणपतीच्या रांगेत उभे राहायचे, दिवसभर चहावर काढायचा, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुधा रात्री नऊच्या आसपास. हा प्रकार फक्त आपल्याकडचाच नाही. ज्यूंच्या योम किप्पूरच्या आणि रमजानच्या पहिल्या रोजाच्या डोकेदुखीला वैद्यकीय लिखाणात स्वतंत्र नावे आहेत. उपवास सोडावा असे कोणी म्हणत नाही. दर तीन तासांनी राजगिऱ्याचा लाडू, केळे, दूध, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांतले काहीतरी पोटात गेले आणि पाणी चालू राहिले, तर तोही दिवस निभतो. निर्जळी मात्र अर्धशिशीवाल्यांनी करू नये.

घरगुती उपायांत सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जुना उपाय आहे. त्याला हसणारे पुष्कळ. पण रात्रभराच्या उपाशी पोटी पहाटेच साखर आणि दूध गेले, तर त्यातला गुण जिलेबीचा असण्यापेक्षा पहाटेच्या वेळेचाच असण्याचा संभव अधिक. वेळ पुन्हा आली. ती येतच राहणार. रोज जिलेबी खाण्याची गरज नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि ताक, दुधातली नाचणीची आंबील, मूठभर दाणे-गूळ, नाहीतर डब्यातलीच अर्धी पोळी गुंडाळून गाडीत खाल्लेली, एवढे पुरते. डबा भरणारीने पहिला घास स्वतः घ्यावा.

सुंठ उगाळून कपाळावर लावतात, पोटातही घेतात. इराणमध्ये 100 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुंठीच्या पुडीचा उतार सुमाट्रिप्टान या औषधाच्या जवळपास आढळला. चाचणी लहान होती आणि ती सुरू झालेल्या झटक्यापुरती होती. रोज सुंठ घेतल्याने झटके टळतात असा तिचा अर्थ नाही. नाचणी, तीळ, राजगिरा, बदाम यांत मॅग्नेशियम चांगले असते, ते आहारात असावेच. रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा उपयोग 1998 मध्ये बेल्जियममधील चाचणीत दिसला तो दिवसाला 400 मिलिग्रॅम मात्रेने. एवढे दुधा-पालेभाजीतून मिळणे अशक्य; तिथे गोळी आणि डॉक्टर दोन्ही लागतात. मद्य, मुरवलेले चीज, अजिनोमोटो यांचा सविस्तर विचार इथे मावणारा नाही. एवढेच की मद्याचा त्रास पुष्कळांना होतो, अजिनोमोटोविरुद्धचा पुरावा मात्र लंगडा आहे.

कोणाला कशाने होते हे नोंदीशिवाय कळत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहिलेला असतोच. त्याच चौकोनात डोके दुखले त्या दिवशी फुली, शेवटचे जेवण किती वाजता, झोप किती तास आणि गोळी घेतली का, एवढे लिहिले तर दोन महिन्यांत चित्र दिसू लागते. गोळीच्या खुणा महिन्यात दहा-पंधरा होऊ लागल्या, तर गोळीच डोके दुखवू लागली असे समजावे.

आहाराच्या हाती नसलेल्या डोकेदुख्याही आहेत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप यांनी बेजार होत्या; तिथल्या स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांनी पाठवलेल्या औषधांनी गुण आला नाही. डॉक्टर होऊन परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविशी गाठण्याआधी, त्या क्षयाने गेल्या. तापासोबत किंवा मान ताठ होऊन येणारी, क्षणात कमाल गाठणारी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली, बोलणे अडखळवणारी किंवा हातपाय लुळे करणारी डोकेदुखी अर्धशिशीच्या खात्यात टाकायची नसते. त्या वेळी सहाण आणि सुंठ बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.