जोखीम कुणाच्या खांद्यावर?

(खोडद येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'उद्योगधंद्यांतील संकटे आणि त्यांचे पूर्वनियोजन' हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. हा विषय मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतील संचालकांचा. टोमॅटो-कांदा पिकवणाऱ्या खोडदला त्याचे काय? माझे उत्तर असे की, एक एकर टोमॅटो हादेखील एक धंदाच आहे. रोपे, बांबू, तार, सुतळी, ठिबक, औषधे, तोडणीची मजुरी हे त्याचे भांडवल, आणि त्यातील बराच भाग उसनवारीचा. कारखानदार आपल्या जोखमीचा आराखडा आधी मांडतो. आपला शेतकरी ती निमूटपणे अंगावर घेतो, फरक एवढाच.

आराखडा म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या शिवारातच महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांपैकी 14 येथे जवळजवळ, उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली ती रेडिओ लहरींचा गोंगाट येथे कमी आणि डोंगरांचा आडोसा आहे म्हणून. तबकडी भरीव पत्र्याची न करता त्यांनी तारांची जाळी वापरली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्चही वाचतो. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तबकड्यांची तोंडे थेट आकाशाकडे वळवून त्या स्थिर केल्या जातात. वादळ सुटल्यावर काय करायचे, याचा निर्णय वादळाच्या आधीच झालेला असतो. हे नियोजन जनतेच्या पैशातून झाले, याचा मला अभिमान आहे. याच दुर्बिणीसाठी परिसरातील कारखानदारीवर निर्बंध आहेत, आणि तेही योग्यच आहेत. परंतु विज्ञानासाठी येथे शेती हाच मुख्य धंदा राहावा असे समाज ठरवत असेल, तर त्या धंद्याच्या जोखमीचा वाटाही समाजाने उचलला पाहिजे.

व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके सांगतात की जोखीम टाळावी, कमी करावी, सोसावी किंवा तिचे 'हस्तांतर' करावे. या शेवटच्या सभ्य शब्दाआड फार काही दडलेले असते. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. कंपनीने खर्च वाचवला, आणि तिची जोखीम कारखान्याभोवतीच्या झोपडपट्ट्यांकडे हस्तांतरित झाली. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांनी ती जोखीम कधी स्वीकारलीच नव्हती, त्यांनी ती फुप्फुसांत वाहिली.

आपल्याकडे वायू नाही, भाव आहे. 2023 चा उन्हाळा-पावसाळा आठवा. जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. नारायणगावच्या उपबाजारात 20 किलोच्या क्रेटला मिळालेल्या भावाच्या बातम्या देशभर छापून आल्या. केंद्र सरकार ताबडतोब जागे झाले. महाराष्ट्रासह तीन राज्यांतून टोमॅटो खरेदी करून 14 जुलैपासून दिल्लीत तो 90 रुपयांनी विकला. 20 ऑगस्टपर्यंत तो दर 40 रुपयांवर आणला. नेपाळहून आयातीचीही घोषणा झाली. शहरातील श्रमिकाला भाजी परवडावी, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. तो आपलाच माणूस आहे. पण सप्टेंबरमध्ये भाव गडगडले आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, तेव्हा ती तत्परता कुठे गेली? कांद्याचेही तेच. 19 ऑगस्ट 2023 रोजी 40 टक्के निर्यातशुल्क आणि 8 डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. तेजीची जोखीम सरकार उचलते. मंदीची मात्र शेतकऱ्याची.

पीकविमा आहे ना, असे कुणी म्हणेल. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपात तो एक रुपयात मिळाला, 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली. तो वाद बाजूला ठेवू. हा विमा उत्पादन बुडाल्याचा आहे, भाव बुडाल्याचा नाही. पीक उत्तम आले आणि भाव मातीमोल झाला, तर विम्याच्या लेखी नुकसान शून्य! शेजारच्या ऊस उत्पादकाला निदान कायद्याने ठरलेला किमान दर आहे. टोमॅटोला ओळ नाही की पाळ नाही.

आणि एक कटू गोष्ट आपल्याच घरातली. क्रेटला भाडेही सुटेना तेव्हा आपण तोडणी थांबवतो. त्या दिवशी तोडणीला येणाऱ्या बाईची मजुरी बुडते. तेजीत तिची मजुरी किती वाढवली होती? सरकारने आपल्यावर जोखीम ढकलली आणि आपण ती तिच्यावर ढकलली. बांधावरचे हे छोटे भोपाळ आपण पाहिले नाही, तर आपल्या मागणीला नैतिक बळ उरणार नाही.

हे बदलता येते, याला महाराष्ट्रच साक्षी आहे. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कल्पना कायद्यात उतरली. 1977 चा तो कायदा. वि. स. पागे यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. त्या योजनेसाठी शहरातील पगारदारावर व्यवसायकर बसला. पाऊस न पडण्याची जोखीम मुंबईच्या कारकुनाने वाटून घेतली, आणि त्याबद्दल तो कुरकुरला असला तरी बुडाला नाही. केरळने 1 नोव्हेंबर 2020 पासून 16 प्रकारच्या भाज्या-फळांना उत्पादनखर्चाच्या 20 टक्के वर आधारभाव ठरवला. त्यात टोमॅटोही आहे. केरळला जमते ते आपल्याला का जमू नये?

माझी सूचना अशी की आपण दोन मागण्या धराव्यात. टोमॅटो-कांद्याला खर्चावर आधारित किमान भाव आणि त्याखाली बाजार गेला तर फरकाची भरपाई, ही सरकारकडे. बाजार समिती शेतमालावर बाजार फी घेते. तेजीच्या वर्षी तिचा काही हिस्सा वेगळ्या निधीत टाकून मंदीत उत्पादकाला आणि तोडणीच्या मजुरांना द्यावा, ही समितीकडे.

पण खर्च किती, हे विचारल्यावर आपल्याजवळ आकडा हवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एका एकराचा हिशेब वहीत लिहून आणावा. रोपांपासून हमालीपर्यंत, आणि मजुरी खऱ्या दराने लिहावी.